खांब न पोहोचलेल्या गावातली वीज

भारतात २००४ सालापासून वापरात असलेल्या व्याख्येनुसार, वस्तीपर्यंत वाहिनी आणि रोहित्र पोहोचले, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी जोडणी झाली आणि एकूण घरांपैकी किमान १० टक्के घरांत वीज आली, की त्या गावाचे विद्युतीकरण झाले असे मानले जाते. या मोजपट्टीने २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लैसांग हे शेवटचे गाव यादीत आले आणि देशातील सर्व गावांत वीज पोहोचल्याचे जाहीर झाले. ही घटना मोठी होती, यात शंका नाही. परंतु शंभर घरांच्या गावात नव्वद घरे अंधारात असली तरी जी व्याख्या पूर्ण होते, तिच्यावरून त्या नव्वद घरांविषयी काहीच कळत नाही.

म्हणूनच जागतिक बँकेने २०१५ च्या सुमारास वेगळी मोजपट्टी मांडली. वीज आहे की नाही, या होय-नाहीच्या प्रश्नाऐवजी ती किती वॅटची, दिवसातून किती तास, संध्याकाळी किती वेळ आणि कितपत भरवशाची, असे प्रश्न तिने विचारले व घरांची पाच पायऱ्यांत विभागणी केली. पहिल्या पायरीला फक्त ३ वॅट आणि दिवसाला चार तास पुरतात, म्हणजे एक दिवा आणि मोबाइलचे चार्जिंग. दुसरी पायरी ५० वॅटची, तिसरी २०० वॅटची आणि पाचवी २,००० वॅटची, जिथे वीज दिवसाला किमान २३ तास असावी लागते. २०२३ साली जगात सुमारे ६६ कोटी ६० लाख लोकांकडे वीज नव्हती आणि त्यांपैकी सुमारे ८५ टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहत होते. पहिल्या पायरीवर अडकलेली माणसे या आकड्यात धरलेली नसतात.

डोंगरापलीकडच्या, बेटावरच्या किंवा जंगलातल्या वस्तीपर्यंत ग्रिड, म्हणजे मोठ्या केंद्रांतली वीज सर्वत्र नेणारे वाहिन्यांचे जाळे, का पोहोचत नाही, याचे उत्तर फार गुंतागुंतीचे नाही. कित्येक किलोमीटर वाहिनी ओढायची, तिची देखभाल करायची आणि तिच्या टोकाला वापर होणार तो पन्नास-शंभर घरांच्या दिव्यांचा, हे गणित वीज कंपनीला परवडत नाही. अशा ठिकाणी जागेवरच वीज तयार करून तिथेच वापरणे, म्हणजेच ग्रिडशी न जोडलेली वीज, हा पर्याय उरतो. पूर्वी त्यासाठी डिझेलचे जनित्र असे. आता सूर्यप्रकाश, वाहते पाणी, शेतातला काडीकचरा आणि वारा यांवर चालणारी साधने उपलब्ध आहेत. वीज तयार करण्याचा भाग आज बराच सोपा झाला आहे. खरी कसोटी लागते ती तयार झालेली वीज साठवताना, वाटून घेताना आणि पंधरा वर्षे चालू ठेवताना. या लेखाचा भर त्यावरच आहे.

एका गावाचा हिशेब

गोष्ट नीट समजण्यासाठी शंभर घरांचे एक काल्पनिक गाव डोळ्यांसमोर आणू. प्रत्येक घरात ७ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास जळतात, म्हणजे १४० वॅट-तास. दोन मोबाइलसाठी २० वॅट-तास धरू. २८ वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा, पंखा आठ तास चालला तर २२४ वॅट-तास आणि ३० वॅटचा लहान टीव्ही तीन तास चालला तर ९० वॅट-तास लागतात. बेरीज होते ४७४ वॅट-तास, म्हणजे साधारण अर्धा युनिट. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होतो, हे येथे लक्षात असू द्यावे. शंभर घरांचे मिळून झाले सुमारे ४७ युनिट. त्यात वीस रस्तादिव्यांचे साडेचार युनिट मिळवले, तर गावाची रोजची गरज ५२ युनिटांच्या आसपास येते.

आता याच घरांत जुनी उपकरणे ठेवून पाहू. तेवढाच उजेड देणारे ६० वॅटचे चार पिवळे बल्ब पाच तासांत १,२०० वॅट-तास खातात आणि ७५ वॅटचा साधा पंखा आठ तासांत ६००. मोबाइल आणि टीव्ही तेच राहिले तरी घराची गरज १.९ युनिटांवर जाते, म्हणजे चौपट. त्याच गावाला मग चौपट पॅनेल आणि चौपट बॅटऱ्या लागतील. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते निळ्या एलईडीसाठी, आणि पांढरा उजेड देणारा एलईडी दिवा त्या शोधावरच उभा आहे. दूरवरच्या वस्त्यांमधील विजेबाबत सौर पॅनेलचे कौतुक पुष्कळ होते. माझ्या मते या दिव्याचा वाटा तितकाच मोठा आहे आणि त्याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. गावात वीजकेंद्र उभारताना घरोघरी कमी वीज खाणारे दिवे आणि पंखे प्रकल्पाच्या खर्चातूनच दिले, तर एकूण खर्च कमी होतो तो यामुळेच.

५२ युनिट घरांपर्यंत पोहोचवायचे असतील, तर तयार मात्र त्याहून अधिक करावे लागतात. बॅटरीत भरताना आणि काढताना, इन्व्हर्टरमध्ये डीसीचे (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे) एसी (दिशा सतत बदलणारी वीज) करताना आणि तारांमधून नेताना मिळून सुमारे चौथा हिस्सा वाया जातो, असे धरले तर रोज ७० युनिट हवेत. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॅट क्षमतेचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे चार युनिट देते, म्हणून साडेसतरा किलोवॅट पुरतील असे वाटते. तथापि ढगाळ महिन्यांत तेच पॅनेल अडीच युनिटांवर येते आणि मग २८ किलोवॅट लागतात. सरासरीवर आखलेला प्रकल्प नेमका पावसाळ्यात अपुरा पडतो. आणि सर्वांत वाईट महिन्यावर आखला, तर उरलेले वर्षभर दुपारची बरीच वीज वापराविना राहते. या दोहोंमध्ये कुठे थांबायचे हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण तो गावाला विचारूनच घ्यायला हवा, कारण वर्षातून किती संध्याकाळी अंधार चालेल आणि त्यासाठी किती पैसे वाचवायचे, हे अभियंत्याने परस्पर ठरवण्यासारखे नाही.

ऊन, पाणी आणि इतर स्रोत

सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला, तेव्हा पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचीच वीज होत असे. आजची बाजारातील चांगली पॅनेले २० टक्क्यांच्या वर आहेत आणि पंचवीस वर्षे टिकतात. त्यांत हलणारा भाग नाही, इंधन लागत नाही, आवाज होत नाही. तरीही एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पॅनेलमधील घट एकामागोमाग एक साखळीने जोडलेले असतात, आणि नळीत एका जागी बोळा अडकला की संपूर्ण नळीचे पाणी अडते, तसा एका घटावर सावली पडली की संपूर्ण साखळीचा प्रवाह अडतो. हे टाळण्यासाठी पॅनेलच्या मागील डबीत सहसा तीन बायपास डायोड बसवलेले असतात, जे सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वाट देतात. पण त्या बदल्यात पॅनेलचा तिसरा हिस्सा तेवढ्यापुरता बंद होतो. पंख्याच्या पातीएवढे एक पान चिकटून बसले, किंवा चार वर्षांत वाढलेल्या झाडाची फांदी दुपारी आडवी आली, की वीज घटते, आणि कारण शोधताना लोक बॅटरीला दोष देत राहतात. पॅनेल कुठे बसवायचे हे ठरवताना आजची झाडे नव्हे, तर दहा वर्षांनंतरची झाडे पाहावी लागतात.

डोंगराळ भागात बारमाही ओढा असेल, तर मात्र पाण्यासारखा दुसरा स्रोत नाही. पाणी किती आणि किती उंचीवरून पडते, या दोनच गोष्टींवर त्याची शक्ती ठरते. दर सेकंदाला २० लिटर पाणी, म्हणजे दोन बादल्या, ३० मीटर उंचीवरून पाइपातून खाली आणले, तर सैद्धांतिकदृष्ट्या ५.९ किलोवॅट शक्ती मिळते. पाइपातील घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांतील घट वजा जाता लहान केंद्रात तिच्यातून ३ किलोवॅटच्या आसपास वीज हाती येते. हा आकडा २८ किलोवॅट पॅनेलांच्या तुलनेत फारच लहान दिसतो. पण ओढा रात्रीही वाहतो. तीन किलोवॅट गुणिले चोवीस तास म्हणजे रोजचे ७२ युनिट, आपल्या काल्पनिक गावाला हवे होते जवळजवळ तेवढेच.

तरीही हे ३ किलोवॅटचे केंद्र त्या गावाला पुरणार नाही, आणि ते का पुरणार नाही हे समजले की या विषयातला अर्धा गोंधळ दूर होतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत प्रत्येक घरात दिवे, पंखा, टीव्ही आणि चार्जर एकाच वेळी चालू असतील, तर एका घराला सुमारे ९६ वॅट आणि शंभर घरांना साडेनऊ किलोवॅट एकाच क्षणी लागतात. दिवसभराची एकूण ऊर्जा पुरेशी असणे आणि त्या क्षणी लागणारी शक्ती पुरेशी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी भरलेली असली तरी तिचा नळ बारीक असेल, तर दहा जणांना एकदम बादल्या भरता येत नाहीत. त्यामुळे ओढ्यावरच्या केंद्राला एक तर मोठे टर्बाइन आणि अधिक पाणी हवे, नाही तर संध्याकाळचा वापर आटोक्यात ठेवून दुपारी आणि रात्री उरणारी वीज पिठाच्या गिरणीसारख्या कामाला लावायला हवी. नेपाळमधील अनेक लघुजलविद्युत केंद्रे याच रीतीने चालत आली आहेत.

अशा केंद्रात आणखी एक साधे, पण हुशार उपकरण असते. पाण्याचा वेग कायम असताना गावातले दिवे एकाएकी बंद झाले, तर जनित्रावरचा भार उतरतो, ते वेगाने फिरू लागते आणि व्होल्टेज व वारंवारिता बिघडते. मोठ्या धरणात पाण्याचा प्रवाह कमी-जास्त करणारी महागडी यंत्रणा असते. लहान केंद्रात त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक भारनियंत्रक बसवतात, जो गावाने न वापरलेली वीज क्षणार्धात पाण्यात बुडवलेल्या तापक कांड्यांकडे वळवतो, आणि जनित्राला भार कायम तेवढाच वाटत राहतो.

काडीकचऱ्यावरची वीज वेगळे धडे देते. बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यातील तमकुहा येथे २००७ साली भाताच्या तुसापासून वायू करून त्यावर इंजिन चालवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि तिथून तो अनेक गावांत गेला. तूस अर्धवट जाळून मिळणाऱ्या वायूत डांबरासारखा चिकट अंश असतो, जो नीट गाळला नाही तर इंजिनात बसतो. त्यामुळे ही यंत्रे रोजच्या साफसफाईशिवाय चालत नाहीत. शिवाय जो तूस आधी फेकून दिला जाई, त्याला गिऱ्हाईक मिळताच त्याची किंमत वाढली. हा उपक्रम चालवणारी हस्क पॉवर सिस्टिम्स ही कंपनी पुढे सौर विजेकडे वळली. वाऱ्याबद्दल थोडक्यात इतकेच सांगता येईल, की त्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते. म्हणून वर्षभर जोमाने वारा वाहणारा समुद्रकिनारा किंवा खिंड सोडली, तर लहान पवनचक्कीवर एकट्या गावाने विसंबू नये.

बॅटरीची खोली

सौर विजेच्या गावात खरा खर्च आणि खरी काळजी असते ती बॅटरीची. आपल्या गावात सूर्यास्तानंतर सुमारे ४५ युनिट लागतात असे धरू. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाही तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे एका रात्रीसाठी ९० युनिटांची साठवण हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत १.८ युनिट मावतात. म्हणून एका रात्रीला ५० बॅटऱ्या लागतात, आणि लागोपाठ दोन ढगाळ दिवसांची तयारी ठेवायची तर शंभर. प्रत्येकीचे वजन पन्नास किलोच्या पुढे. रस्ता नसलेल्या वस्तीपर्यंत त्या खांद्यावरून न्याव्या लागतात, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा तेवढ्याच.

अशा बॅटऱ्यांच्या खोलीत शिरल्यावर त्या केंद्राची प्रकृती पाच मिनिटांत कळते. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड साठली असेल, तर तिथला सांधा सैल आहे किंवा आम्ल बाहेर येते आहे आणि प्रवाहाला अडथळा होतो आहे. झाकण उघडून पाहिले आणि पाण्याची पातळी प्लेटांच्या खाली गेलेली दिसली, तर उघड्या पडलेल्या प्लेटांचा तेवढा भाग कायमचा निकामी होत आहे. त्यात घालायचे पाणी डिस्टिल्ड असावे लागते. विहिरीच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी बुडवून आम्लाची घनता पाहिली, तर भरलेल्या बॅटरीत ती १.२६ च्या आसपास असते आणि निम्म्या रिकाम्या बॅटरीत १.२० च्या खाली जाऊ लागते. पन्नासांपैकी एकाच बॅटरीतला एक कप्पा सतत कमी दाखवत असेल, तर ती बॅटरी साऱ्या रांगेला मागे ओढते. हे वाचन महिन्यातून एकदा वहीत लिहिणे, एवढ्या एका सवयीने बॅटऱ्यांचे आयुष्य काही वर्षांनी वाढू शकते. उष्णतेचाही हिशेब आहे: २५ अंश सेल्सिअसच्या वर दर दहा अंशांमागे लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. पत्र्याच्या छपराखाली, वारा न खेळणाऱ्या खोलीत ठेवलेल्या बॅटऱ्या त्यामुळे वेळेआधीच संपतात.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्यांनी यात मोठा फरक पडला आहे. त्या ८० टक्क्यांपर्यंत रिकाम्या करता येतात, हजारो वेळा भरता येतात, वजनाला हलक्या असतात आणि त्यांना पाणी घालावे लागत नाही. एका रात्रीच्या ४५ युनिटांसाठी ९० ऐवजी सुमारे ५६ युनिटांची साठवण पुरते. मात्र त्यांच्यात प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल असते, जे बिघडले तर गावात दुरुस्त होत नाही, आणि शून्य अंशाखालच्या थंडीत त्या भरू नयेत. उंच पहाडी वस्त्यांत म्हणून त्यांच्या खोलीला ऊब देण्याची सोय करावी लागते. लेड-ॲसिड बॅटऱ्यांची वाट लागल्यावर त्या कुठे जातात, हाही प्रश्न आहे. शिसे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला, घातक असते. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्यांच्या हाती त्या पडल्या, तर त्या विजेला स्वच्छ म्हणणे खरे ठरत नाही.

यावर उत्तम उपाय असा, की शक्य असेल तिथे वीज न साठवता काम साठवावे. पंप दुपारी उन्हावर थेट चालवून उंचावरची टाकी भरून ठेवली, तर संध्याकाळी पाणी आपोआप उतरते. लसी थंड ठेवणाऱ्या काही शीतकपाटांत बॅटरी नसतेच. दिवसा उन्हाच्या विजेवर त्यांच्या भिंतींत बर्फ तयार होतो आणि रात्री तो लसींना थंड ठेवतो. दळण, शिवणयंत्र, सुतारकाम ही कामे दुपारीच उरकली, तर बॅटरीला हातही लावावा लागत नाही. मी तर असे म्हणेन, की चांगला आराखडा ओळखण्याची ही पहिली खूण आहे: त्यात दुपारच्या विजेला काम नेमून दिलेले असते.

वाटून घेणे

तयार झालेली वीज घरोघर नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रत्येक घराचे स्वतंत्र पॅनेल आणि बॅटरी. दुसरा म्हणजे गावापुरते एक लहान ग्रिड. स्वतंत्र संच विरळ वस्तीला सोयीचे असतात, कारण तारांची गरज पडत नाही. १०० वॅट वीज १२ व्होल्टवर नेताना सुमारे ८.३ अँपिअर प्रवाह लागतो, तर २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी. तारेत वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तीच तार वापरली, तर १२ व्होल्टवर नुकसान साडेतीनशे पटींहून अधिक होते. म्हणून १२ व्होल्टची वीज घराच्या भिंतींआतच शोभते आणि गावभर न्यायची असेल तर २३० व्होल्ट एसी करावी लागते. घरे दाटीने असतील आणि गिरणी, पंप, दवाखाना असे मोठे भार असतील, तर सामाईक ग्रिड अधिक उपयोगी ठरते.

सामाईक ग्रिडमध्ये मात्र एका घराचे वागणे सर्वांना भोवते. १,५०० वॅटचा एक हीटर लावला, तर पंधरा घरांच्या संध्याकाळच्या विजेएवढा भार एकटा उचलला जातो. असे सात-आठ हीटर एकदम चालू झाले की इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि गाव काळोखात जाते. याला उपाय म्हणून प्रत्येक घराच्या मीटरमध्ये भारमर्यादा घातलेली असते: ठरलेल्या वॅटच्या पुढे गेल्यास त्या एकाच घराची वीज तुटते. हा नियम गावाच्या बैठकीत मान्य करून घेतला असेल, तर लोक तो पाळतात. बाहेरच्या माणसाने येऊन लादला असेल, तर मीटरला वळसा घालणारी तार लवकरच दिसू लागते.

पैशांचा प्रश्न येथेच येतो. ऊन फुकट असल्यामुळे वीजही फुकट असावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे, आणि उभारणीचा खर्च अनुदानातून झाला असेल तर अधिकच. परंतु बॅटऱ्या बदलण्याचा दिवस ठरलेला असतो. पॅनेल पंचवीस वर्षांचे, इन्व्हर्टर दहाच्या आतबाहेर आणि लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच वर्षांची. दरमहाच्या वर्गणीतून या बदलांसाठी वेगळी रक्कम बाजूला पडत नसेल, तर पाचव्या वर्षी केंद्र बंद पडणार हे पहिल्याच दिवशी सांगता येते. बंद पडलेल्या अनेक केंद्रांच्या छपरावर पॅनेले अजून चांगली असतात. अनुदान हवेच, त्याशिवाय गरीब वस्त्यांत वीज जाणार नाही. पण ते सारे उद्घाटनाच्या दिवशी खर्चून न टाकता काही भाग पुढील वर्षांच्या चालू सेवेशी बांधलेला असावा, असे मला ठामपणे वाटते.

वर्गणी गोळा करण्याची रीत गेल्या काही वर्षांत बदलली आहे. केनियात २००७ साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली आणि तिच्या आधारावर पुढील दशकात 'वापराल तसे भरा' या पद्धतीने घरगुती सौर संच विकले जाऊ लागले. ग्राहक थोडी रक्कम आधी देतो, उरलेली रोजच्या किंवा आठवड्याच्या लहान हप्त्यांनी मोबाइलवरून भरतो. हप्ता थांबला की संच दुरून बंद करता येतो आणि सारे हप्ते फिटले की तो कायमचा त्याचा होतो. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला महिन्याचे बिल एकदम भरणे अवघड जाते, रोजच्या रॉकेलएवढी रक्कम मात्र जमते, हे या पद्धतीने नेमके ओळखले. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी: आजारपणाच्या महिन्यात हप्ता चुकतो आणि दिव्याची गरज सर्वाधिक असताना घर अंधारते. अशा वेळी काही दिवसांची सवलत देणे करारातच लिहिलेले असले पाहिजे.

दुरुस्ती करणारा माणूस गावातच असणे, हे पैशाइतकेच महत्त्वाचे. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेज ही संस्था अनेक देशांतल्या, फारसे न शिकलेल्या खेड्यातील स्त्रियांना, त्यांत कित्येक आज्या, रंग, खुणा आणि प्रत्यक्ष हाताळणी यांच्या आधारे सौर संच जोडणे व दुरुस्त करणे शिकवते. आजीबाईंना निवडण्यामागचा विचार व्यवहारी आहे: प्रशिक्षण घेतलेला तरुण प्रमाणपत्र घेऊन शहरात जातो, आजी गावातच राहते. फ्यूज बदलणे, सैल तार आवळणे, पॅनेल पुसणे, बॅटरीत पाणी घालणे ही कामे झाली नाहीत तर लहानसहान बिघाडच केंद्र बंद पाडतात. गावात ती करणारे कोणी नसेल, तर शहरातून तंत्रज्ञ येईपर्यंत आठवडे जातात, आणि तोवर लोकांनी वर्गणी देणे थांबवलेले असते.

ग्रिड आल्यावर

हे सारे सुरळीत चालले तरी एक वळण बाकी राहते. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात जुलै २०१४ मध्ये १०० किलोवॅटचे सौर मायक्रोग्रिड सुरू झाले. साडेचारशेच्या आसपास घरे आणि सुमारे २,४०० लोकवस्तीच्या या गावाला त्याआधी कित्येक वर्षे वीज नव्हती. उद्घाटनाच्या काळातच गावकऱ्यांनी आम्हाला खरी वीज हवी, अशी मागणी केली. त्यांच्या लेखी खरी वीज म्हणजे ग्रिडची, जिच्यावर फ्रिज आणि इतर मोठी उपकरणे चालतील आणि जिचा दर कमी असेल. थोड्याच काळात ग्रिड आले, सौर विजेचे ग्राहक घटले आणि पुढे ते केंद्र बंद पडले. लोकांना सौर विजेचे महत्त्व कळले नाही, असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. शहरात सर्वांना मिळते तीच वीज त्यांनी मागितली आणि मोजलेल्या वॅटमध्ये कायमचे बसायला नकार दिला; त्यात चूक काहीच नव्हती.

बांगलादेशातही हे मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे २००३ साली सुरू झालेल्या कार्यक्रमातून, सरकारी वित्तसंस्था इडकॉलच्या माध्यमातून, चाळीस लाखांहून अधिक घरगुती सौर संच बसले आणि सुमारे दोन कोटी लोकांच्या घरांत उजेड आला. नंतर ग्रिड झपाट्याने पसरले, मार्च २०२२ मध्ये देशात शंभर टक्के विद्युतीकरणाची घोषणा झाली आणि तोपर्यंत नव्या संचांची मागणी ओसरली होती. तरीही ते पैसे वाया गेले असे म्हणता येणार नाही, कारण मधल्या काळात एक पिढी त्या उजेडात शिकली.

ग्रिड आले की गावचे केंद्र मरावेच, असा मात्र नियम नाही. कंबोडियात अडीचशेहून अधिक लहान, बहुतांश डिझेलवर चालणारी खासगी ग्रिडे मुख्य ग्रिडला जोडली गेली. त्यांच्या चालकांनी जनित्रे बंद केली आणि ग्रिडची वीज घाऊक घेऊन त्याच खांब-तारांवरून गावाला विकण्याचा परवाना मिळवला. नेपाळच्या नुवाकोट जिल्ह्यातील स्याउरेभूमी येथील २३ किलोवॅटचे लघुजलविद्युत केंद्र २०१८ साली राष्ट्रीय ग्रिडला जोडले गेले. गावाला ग्रिडची वीज मिळू लागली आणि केंद्राची वीज ग्रिडला विकली जाऊ लागली. भारतात २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १४ ने अधिसूचित ग्रामीण भागात परवान्याविना वीज तयार करून वाटण्याची मुभा दिली, पण ग्रिड आल्यावर त्या केंद्राचे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. उत्तर प्रदेशाने २०१६ च्या मिनी ग्रिड धोरणात केंद्राची वीज वितरण कंपनीला विकण्याचा किंवा केंद्र तिच्याकडे सोपवण्याचा मार्ग लिहून दिला.

असे जोडले जाण्यासाठी मात्र पहिल्या दिवसापासून तयारी हवी. इन्व्हर्टर ग्रिडच्या व्होल्टेजशी आणि वारंवारितेशी जुळवून घेणारा असावा लागतो, ग्रिड बंद असताना त्याने वाहिनीत वीज सोडू नये याची सोय असावी लागते, कारण दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो, आणि तारा, खांब, मीटर हे वितरण कंपनीच्या मानकांना उतरावे लागतात. बांबूच्या खांबांवर टाकलेल्या बारीक तारा ग्रिड आल्यावर उतरवाव्याच लागतात. मानकांनुसार खांब रोवले, तर सुरुवातीचा खर्च वाढतो, आणि शंभर घरांच्या वर्गणीतून तो कधीच निघणार नाही. तो खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा, कारण ग्रिडच्या गावांतले खांबही सार्वजनिक पैशातूनच उभे राहिले आहेत.